१९९९ चा कॅच

१२ एप्रिल
सोसायटीच्या बोर्डावर कागद लागलाय. महाराष्ट्र दिनाला सत्यनारायणानंतर क्रिकेट क्विझ. जोडीने खेळायचं. विजेत्यांची नावं बोर्डावर महिनाभर. मुलुंडमध्ये तीस वर्षं काढली, त्या बोर्डावर माझं नाव एकदाच आलं, स्कूटर चुकीच्या जागी लावली म्हणून. आता मानाने येईल.

क्विझमास्टर सी विंगचा मिहिर. वय चोवीस. कसोटीला 'लाँग फॉरमॅट' म्हणतो. असो.

१४ एप्रिल
कुंदाने विचारलं, जोडीला मी येऊ का. बायकोला दुखवायचं नव्हतं, म्हणून नुसता हसलो. आता ती शेजारच्या नलिनीवहिनींबरोबर खेळणार म्हणे. खेळोत. प्रसाद वाटायलाही कोणीतरी लागतंच.

मी तळमजल्यावरच्या कुंडलिकला घेतलं. अट एकच. तोंड उघडायचं नाही आणि थाळीला हात लावायचा नाही. बझर म्हणून थाळी आणि चमचा आहे. काय हा दर्जा.

२० एप्रिल
पहाटे पाचला उठून उजळणी करणार होतो. साडेआठला जाग आली. मला उजळणीची गरजच नाही.

तरी दक्षिण आफ्रिकेच्या गिब्जचं पान वाचलं. एवढी वर्षं खेळला, हजारो रन्स केल्या, पण लोकांना आठवतो तो ९९ च्या वर्ल्ड कपमधला सुटलेला कॅच. बरोबरच आहे. कॅच सोडणाऱ्याला माफी नाही.

२५ एप्रिल
कुंडलिकने पुन्हा तेच उकरलं. कंपाउंडमधली आपली अंडरआर्म फायनल, ए विंगविरुद्ध, शेवटचा बॉल त्याचा, कॅच माझ्याकडे. माणसाने किती धरून बसावं? डोळ्यांवर ऊन आलं होतं. तेव्हाच सांगितलंय. विषय संपला.

१ मे, संध्याकाळ
नऊ प्रश्नांनंतर आम्ही आणि कुंदा-नलिनी बरोबरीत. त्यांना सोपे प्रश्न मिळाले.

दहावा. मिहिर म्हणाला, १९९९ साल, हातातला कॅच सुटला आणि कप गेला... मी थाळी वाजवली. कुंडलिक शर्ट ओढून सांगत होता की थांब, हे मला माहीत आहे. त्याला गप्प बसवलं आणि उभं राहून उत्तर दिलं. हर्शेल गिब्ज, हेडिंग्ले, तेरा जून, बॅट्समन स्टीव्ह वॉ.

मिहिर म्हणाला, काका, प्रश्न अर्धाच झाला होता. मग उरलेला वाचला. आपल्या सोसायटीच्या फायनलमध्ये तो कॅच कोणी सोडला?

कुंदाने शांतपणे थाळी वाजवली. म्हणाली, आमच्या ह्यांनी. आणि ऊन नव्हतं, रात्रीचे आठ वाजले होते, हॅलोजन लावले होते.

गुरुजीसुद्धा हसले. कुंडलिक सगळ्यात जास्त वेळ टाळ्या वाजवत होता. मला लाज वाटली. इथे लिहायला हरकत नाही.

हॅलोजनही डोळ्यांवर येतो. पण आता कोणाला सांगणार.

२ मे
बोर्डावर निकाल लागला. वर कुंदा आणि नलिनीवहिनी. खाली मिहिरने दहाही प्रश्न उत्तरांसकट लावलेत. दहाव्यापुढे माझं नाव आहे, वडिलांच्या नावासकट, ठळक अक्षरांत.

महिनाभर राहणार आहे.