तुझा अंगठा आणि साडेचारची गाडी

आई, तुला वाचता येत न्हवतं आणि तुला जाऊनबी आता लई वर्सं झाली. तरी लिवतेय. कोरा कागुद घरात गावला न्हाय, म्हणून ल्येकानं आणलेल्या बक्षीसपत्राच्या झेरॉक्सवर, पाठकोऱ्या बाजूला लिवतेय. पुढच्या बाजूला माझं घर त्याच्या नावावर करायचं छापलंय. खाली माझ्या सहीची जागा मोकळी हाय.

घर म्हणजे तू बघितलंयस तेच. पुढं चटणी कांडपाचं मशीन, मागं दोन खोल्या. पत्रा जाऊन आता स्लॅब आलाय एवढंच. मालकांनी जितं असतानाच ते माझ्या नावावर केलं. म्हणायचे, "माझ्या माघारी तुला कुणाच्या तोंडाकडं बघायला नको." ल्योक वाईट न्हाय. त्याला वर मजला चढवायचाय, आणि ब्यांक म्हणती घर तुमच्या नावावर पायजे. "आई, कवा तरी माझंच हुणार हाय की. मग आत्ताच कर. तू गेल्यावर दाखले गोळा करत फिरू व्हय मी?" असं तोंडावर म्हणतो. त्यात खोटं काय न्हाय. 

सोमवारी मला वकिलाकडं घेऊन गेलता. वकील म्हणजे पोरगीच. तिनं आधी त्यालाच भाईर काढलं. "तुम्ही जरा बाहेर बसा, मला मावशींशी एकांतात बोलायचंय." त्याचं तोंड बघण्यासारखं झालतं. मग मला इचारती, "मावशी, कुणी जोर केलाय का तुमच्यावर?" मी म्हटलं, "माझ्यावर जोर करणारा अजून जल्माला यायचाय. तू कागुद वाच." तिनं वाचला. एकेक वळ, बोट फिरवून. मी तीनदा म्हटलं, आवर की बाई, मिरची टाकून आलेय. ती काय आवरंना. म्हणाली, "ह्याच्यावर सही केली की घर त्यांचं. उद्या पटलं नाही, तर परत मागता येईलच असं नाही. त्यापेक्षा मृत्युपत्र करा. हयात आहात तोवर तुमचंच राहील, आणि मन बदललं तर तेही बदलता येतं." मी सही न करता उठले. तवाधरनं ल्योक माझ्याशी बोलत न्हाय. ताट घेऊन गच्चीवर जातो.

पण माझा राग त्याच्यावर न्हाय. तुझ्यावर हाय. तुझ्यावर कायमचाच हाय.

आबा गेले. सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली, तुझं, दादाचं, माझं. उभ्या जल्मात तुझं नाव कुठल्या कागदावर लागलं असंल तर ते तेवढंच, आणि तेबी दोन म्हैनं टिकलं न्हाय. दादा म्हणाला, हक्कसोड करून द्या, जमीन एका नावावर बरी. मी माहेरी कोडोलीला आलते ते भांडायलाच. तू चुलीपुढं बसलीयास, भाकरी थापतीयास, माझ्याकडं बघतबी न्हाईस.

"सोड की गं. भाऊ हाय तुझा. दिवाळीला कुणाच्या दारात जाणार हाईस?"

"भाऊबीजेला ताटात काय पडतंय ते बघितलंय मी."

"जीभ आवर. जमीन काय उशाला घेऊन झोपणार हाईस?"

एवढं बोललीस आणि करपलेली भाकरी माझ्या ताटात टाकलीस. चांगली दादासाठी झाकून ठेवलीस. ते अजून माझ्या डोळ्यापुढनं जात न्हाय.

रजिस्टर हापिसात दादानं दोन पिशव्या आणलत्या. मला साडी, तुला लुगडं. आपल्यात रीतच हाय, बहिणीनं हक्क सोडला की तिला साडी द्यायची. तुला का देतोय, हे तुझ्या ध्यानात आलं न्हाय. तू आपली थुंकी लावून काठाचा रंग जातोय का बघत बसलीस.

पुढचं तुला ठावं हाय. दोन वर्सात सुनंनं तुझं अंथरूण गोठ्याशेजारी टाकलं. तू म्हणालीस, माझ्या वाट्याचं मला करून खाऊ दे. दादानं कागुद काढला. "अंगठा कुणाचा हाय ह्यो?" मग तू तेच लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन माझ्या दारात आलीस. "चार दिस ऱ्हातो गं." मरंपातूर ऱ्हायलीस. मिरचीच्या पोत्यांशेजारी खोकत झोपायचीस. आणि दादा कवा आला की मलाच सांगायचीस, त्याला अंडं घाल दोन.

मी तुला बोलायचे. रोज बोलायचे. मशीन चालू असायचं म्हणून वरडून बोलायचे, गिऱ्हाईकाम्होरं. "अंगठा देताना अक्कल कुठं गेलती? आयतं दिलंस, आता बस माझ्या ताटावर." तू कवाच उलटं बोलली न्हाईस. मला वाटायचं, बोलायला तोंड न्हाय हिला.

तोंड हुतं तुला. तू बोलली न्हाईस.

त्या दिवशी हापिसात मी आधी सही केली. रागानं कागुद फाटंस्तोवर पेन दाबला. मग कारकुनानं शाईचं पॅड तुझ्यापुढं सरकवलं. तू माझा पदर वढलास. हळूच म्हणालीस, "माझा अंगठा कशाला पायजे गं? माझं काय लिवलंय त्यात? वाच की जरा."

मी सातवी शिकलेली. मी ते वाचलं हुतं. तुझा वाटा, कायमचा, काय एक हक्क न ठेवता. सगळं स्वच्छ लिवलं हुतं. त्या पोरीनं सोमवारी माझ्यासाठी केलं, तेवढंच तुला पायजे हुतं. पण करपलेली भाकरी माझ्या पोटात हुती. मला म्हणलीस न्हवं सोड, मग आता तूबी सोड.

मी म्हटलं, "हाय तेच हाय. कर अंगठा. साडेचारची गाडी चुकंल माझी."

तू केलास.

उद्या एकटीच त्या वकील पोरीकडं जाणार हाय. मृत्युपत्र कर म्हणणार, आणि सावकाश वाच म्हणणार. ल्योक बोलू दे, न्हायतर न बोलू दे. ह्यो कागुद तिथं न्यायचा न्हाय. सकाळी चुलवणात घालीन.

आणि आई, पाच वाजता दुसरी गाडी हुती. मला ठावं हुतं.