पुढचा शाफ्ट

सोलापूर,
ता. ११ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. मुक्तास आप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. तुझं पत्र पावलं. जावईबापूंनी लष्कराच्या लिलावातून जीप आणली हे वाचून चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. तेच होतं.

जावईबापूंना मी काही लिहू शकत नाही. जावई माणूस, मान द्यावा लागतो आणि तो मी देतो. म्हणून तुला लिहितो. तू हे पत्र त्यांच्या हाती लागेल असं कुठंतरी ठेव.

मुली, एस.टी.च्या वर्कशॉपात पंचवीस वर्षं काढून हेडमिस्त्री म्हणून मी रिटायर झालो. सरकार गाडी केव्हा विकतं ते मला कुणी शिकवायला नको. तिच्यात चार दिवसांचा जीव असेल तोवर फौजी तिला सोडत नाहीत. तो गेला की तिला नवा हिरवा रंग मारतात आणि एखाद्याचा जावई शोधतात.

चारी चाकांना ताकद आहे म्हणे. आमच्या बसला मागच्याच चाकांना ताकद असते आणि ती पन्नास माणसं, त्यांच्या वळकट्या आणि कोंबड्या घेऊन पुण्याला जाते. तुमच्या दुधाच्या चार कॅनांना काय डोंगर चढायचाय? दोन चाकं जादा फिरवायची म्हणजे पुढं आणखी एक शाफ्ट, त्याच्या दोन टोकांना सांध्याचे दोन क्रॉस, ते झिजणार, सील फुटणार, तेल गळणार. पेट्रोलचा भाव दिवाळीपासून कुठं गेलाय ते तू वाचतेसच. जीप जेवढं पेट्रोल पिते तेवढं तरी तुमच्या म्हशी दूध देतात का, हे एकदा विहीणबाईंना विचार.

माझा मोतीबिंदू पिकत आलाय, उन्हाळ्यात काढू म्हणतात. तुझा भाऊ कमलाकर गिरणीच्या हपिसात रोज जातो आणि रोज परत येतो, याहून त्याचं काही सांगण्यासारखं नाही. सर्वांना यथायोग्य. आठवण ठेवावी, पत्र धाडावं.

— आप्पा


नदीकाठची वस्ती, ता. सांगोला,
२२ फेब्रुवारी १९७४

ती. आप्पांच्या चरणी मुक्ताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र हाती लागेल असं ठेवायची वेळच आली नाही. पोस्टमननं ते ह्यांच्याच हातात दिलं आणि ह्यांनी ते सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. जावई शोधतात इथवर आल्यावर सासूबाईंना हसून हसून ठसका लागला. हे हसले नाहीत. म्हणाले की आप्पांचं बरोबर असंल, मिस्त्री माणूस हाय त्यो, आपण शेरडं राखणारी.

पण आप्पा, डोंगर नाही, नदी आहे. आमची वस्ती माण नदीच्या एका अंगाला, सडक दुसऱ्या अंगाला. दुधाची गाडी सकाळी सातला सडकेवर येते आणि पाच मिनिटांत जाते. मध्ये फर्लांगभर रेती. पाण्याचा थेंब नाही, नुसती रेती. बैलं गुडघे टेकतात. गेल्या वर्षी किती वेळा दूध नासून ओतून दिलं ते मी तुम्हाला कळवलं नव्हतं. आता जीपमधला दुसरा दांडा ओढला की पुढची चाकंही ओढायला लागतात आणि गाडी रेतीतून रांगत रांगत पार होते.

सासूबाई पहिल्याच दिवशी पुढच्या सीटवर चढून बसल्या, पदर खोचून, तंबाखूची पिशवी मांडीवर. ती जागा आता त्यांचीच. त्या म्हणतात की ह्या नदीनं मला लई अडवलं, आता मी तिच्या छाताडावरनं जाते. विहीण व्याह्याला बोलत नसते, पण तुम्हाला कळवायला सांगितलंय की म्हशी दूध देत्यात, तुमच्या पत्राएवढं आंबट नसतं.

एक खोट मात्र निघाली. पुढून कडकड आवाज येतो. सांगोल्याच्या मिस्त्रीनं पुढच्या शाफ्टचा क्रॉस गेला म्हणून सांगितलं. नवा पुण्याहून मागवायचा तर मजुरीसकट दीडशेच्या घरात जातं. तुम्ही सांगाल तसं करायचं असं हे म्हणतात. डोळ्याला जपा. लेकीवर आहे ती माया आहे तशी असू द्या.

— मुक्ता


सोलापूर,
ता. २ मार्च १९७४

चि. सौ. मुक्तास अनेक आशीर्वाद. महिनाही झाला नाही आणि क्रॉस गेला. मला आनंद झाला असं म्हणणार नाही, पण दुःखही झालं नाही.

जावईबापूंनी माझा सल्ला विचारला, हे त्यांचं पहिलं शहाणपण. तेव्हा सल्ला नीट ऐका. क्रॉस मागवू नका. शाफ्टच काढून टाका. आठ नट आहेत, अर्ध्या तासाचं काम. गाडी मागच्या दोन चाकांवर चालेल, आवाज बंद होईल, पेट्रोलही जरा कमी लागेल. काढलेला शाफ्ट पोत्यात गुंडाळून खाटेखाली सरकवा. पुढल्या लिलावात दुसऱ्या कुणाच्या जावयाला विकता येईल.

राहिली तुझी नदी. सांगोल्याच्या नदीचं भय मला घालू नकोस. तुमच्याकडं प्यायचं पाणी टँकरनं येतं. तिला पाणी असतं तर मी विचार केला असता. कोरड्या नदीला नदी म्हणत नाहीत, रस्ता म्हणतात. गाडी जोरात आणायची आणि थांबायचं नाही, एवढं जावईबापूंना जमेल. जमलं नाही तर गाडीचा दोष नव्हे, हेही सांग.

विहीणबाईंना माझा नमस्कार आणि दूध पोचलं असं कळव. असाच लोभ वाढवत जा.

— आप्पा


वस्ती, २५ मार्च १९७४

ती. आप्पांस मुक्ताचा शि. सा. नमस्कार.

तुमच्या हुकमाप्रमाणे झालं. ह्यांनी पत्र तीनदा वाचलं, मग गाडीखाली शिरले आणि शाफ्ट काढला. तो माझ्याच खाटेखाली आहे, पोत्यात. आवाज गेला, पेट्रोलही थोडं कमी लागतं. तुमचं खरं झालं म्हणून आता मला डिवचू नका.

सकाळी रेती गारठून दबलेली असते, तेव्हा पळवत आणली की गाडी निघून जाते. एकदा दुपारी मात्र चाकं फिरली आणि खाली जायला लागली, तेव्हा ह्यांनी मागं घेतली. शाफ्ट परत घालावा का असं मला विचारलं आणि उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाले की न्हाय, आप्पांचा शबूद मोडायचा न्हाय, आपून इचारलं आन् त्यांनी सांगितलं.

सासूबाई तुमच्यावर रागावल्यात. जनावराचं पुढचं पाय बांधून त्याला नदीत घालता व्हय, असं रोज गाडीत बसताना म्हणतात आणि बसतात. तुम्ही या एकदा, म्हणजे तोंडावर भांडतील. बोलावणं समजावं.

— मुक्ता


वस्ती, ९ मे १९७४

ती. आप्पांस,

तार मिळाली असेल. सासूबाई गेल्या. रविवारी दुपारी कडब्याच्या गंजीतून पेंढी ओढताना घोणस चावली. लगेच जीपमध्ये घातलं. पुढं, त्यांच्याच जागेवर. मी मागून खांदे धरले होते. त्या शुद्धीवर होत्या, ह्यांना घाबरू नको म्हणत होत्या.

गाडी वाटेत बंद पडली. बैल आणून ओढायला तास गेला. सांगोल्याला पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले की तासभर आधी यायला हवं होतं. दिवे लागायच्या आत सगळं संपलं.

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन परवाच झालंय. उन्हातून यायचं नाही. कमलाकरदादाला धाडा.

— मुक्ता


सोलापूर,
ता. २८ मे १९७४

चि. सौ. मुक्तास आशीर्वाद. डोळ्याला पट्टी आहे, म्हणून हे पत्र कमलाकर लिहितोय. तो तुमच्याकडून आल्यापासून जेवत नाही. विहीणबाई भांडायच्या राहून गेल्या. मला त्यांना भेटायचं होतं. बाई खरी होती.

आता जीपविषयी. दाखवलंच ना तिनं आपलं मूळ? बंद पडली म्हणजे काय झालं? बंद पडली हे कुठल्या भागाचं नाव नव्हे. पेट्रोलचा पंप गेला? कार्बोरेटरमध्ये कचरा आला? की स्पार्क गेला? मिस्त्रीच्या पोरीनं बंद पडली एवढंच लिहावं याची मला लाज वाटते. कमलाकरला विचारलं तर तो भिंतीकडं बघतो.

मी फेब्रुवारीत लिहिलं होतं. त्या भंगाराचा भरवसा धरू नका, असाच त्याचा अर्थ होता. जावईबापूंनी असल्या भंगारावर आईचा जीव टाकला. हे वाक्य कमलाकर लिहीत नव्हता, मी दोनदा ओरडलो तेव्हा लिहिलं.

काय बिघडलं ते उलट टपाली कळव.

— आप्पा


वस्ती, ११ जून १९७४

ती. आप्पांस नमस्कार. काय बिघडलं ते नीटसं कळलं नाही. गाडी आता चालते. त्यावर आणखी काही लिहायचं नाही असं ह्यांनी मला सांगितलंय. तुम्हीही विचारू नका, माझ्यासाठी. डोळा सांभाळा.

— मुक्ता


सोलापूर,
ता. ५ जुलै १९७४

रा. रा. बाळासो जावईबापू यांस महिपतीचा सा. नमस्कार.

आजवर तुम्हाला बोलायचं ते मी मुक्ताला लिहीत आलो. हे पत्र तुम्हालाच.

त्या दिवशी मी न कळवता वस्तीवर आलो तो तुमची चूक पकडायला आलो. तुम्ही बाजाराला गेला होता. मुक्ता चहा ठेवायला आत गेली आणि मी खुंटीवरची किल्ली घेतली. बॉनेट उघडलं. पंप, कार्बोरेटर, प्लग, पॉइंट, सगळं पाहिलं. या जाड चष्म्यातूनही मला दिसलं की गाडीला काही झालेलं नाही. एस.टी.त एवढी निगा मी कुणाकडून करवून घेऊ शकलो नव्हतो. मला राग आला. काहीच बिघडलं नाही तर बंद कशी पडली? म्हणून गाडी काढली आणि भर दुपारी नदीत घातली.

मध्यावर गेलो आणि चाकं फिरली. जोर दिला तशी आणखी खाली गेली. तेव्हा हात आपोआप दुसऱ्या दांड्याकडं गेला. दांडा आला, पुढची चाकं जागची हलली नाहीत. दांडा हातात धरून मी बसून राहिलो. शेजारी विहीणबाईंची जागा. सीटच्या शिवणीत त्यांची तंबाखू अजून सांडलेली आहे.

एस.टी. डांबरावर चालते, जावईबापू. पंचवीस वर्षं मी डांबर ओळखत होतो आणि त्यालाच गाडीची अक्कल समजत होतो. पाण्यातून गाडी कशी न्यायची ते मला माहीत होतं. रेती पाण्याहून वाईट, हे तुमच्या आईला कळत होतं आणि हेडमिस्त्रीला कळलं नाही. मुक्तानं सगळं लिहिलं होतं. मी वाचलं ते फक्त उत्तरात काय टोमणा मारता येईल तेवढ्यापुरतं. कोरड्या नदीला रस्ता म्हणतात, हे लिहून झाल्यावर मी ते कमलाकरला वाचून दाखवलं होतं. छान जमलंय असं वाटलं होतं मला. तुमचे दीडशे रुपये मी असे वाचवले.

आणि वर तुम्हालाच लिहिलं की आईचा जीव भंगारावर टाकलात. तुम्ही माझंच पत्र काढून माझ्या तोंडावर मारायचं होतं. गाडी बंद पडली नव्हती, रेतीत रुतली होती, हे लेक, मुलगा, जावई, तिघांनी मिळून माझ्यापासून झाकून ठेवलं. कशासाठी? म्हातारा मोडेल म्हणून? मोडला असता तर बरं झालं असतं, दोन महिने आणखी बरळला नसता.

तुम्ही बैल घेऊन आलात, मला बघितलंत आणि काही विचारलं नाहीत. एवढंच म्हणालात की रेती लई तापलीया आप्पा, पायात घाला. ते मला विसरता येत नाही.

खाटेखालचा शाफ्ट मी पोत्यासकट एस.टी.नं घेऊन आलो. पुण्याहून क्रॉस मागवला, दोन्ही बाजूंचे नवे घातले. कमलाकरबरोबर धाडतोय. आठ नट आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे.

दर पत्राच्या माथ्यावर मी आशीर्वाद लिहायचो. आज तो लिहायला हात होत नाही. तुमच्याकडं थोडा लोभ उरला असेल तर तो मागतो.

— महिपती


वस्ती, १९ जुलै १९७४

ती. आप्पा यांस बाळासोचा शि. सा. नमस्कार.

कमलाकरदादा पोचले. शाफ्ट बसवला. पुढची चाकं ओढायला लागली. परवा भर दुपारी रेतीतून दोनदा गेलो आणि दोनदा आलो, काही काम नव्हतं.

आप्पा, मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. तुम्ही सोलापुरात बसून कागदावर लिहिलं. नदी मी रोज बघत होतो. दुपारी चाकं बसली तेव्हाच मला कळलं होतं आणि तरी मी शाफ्ट घातला नाही, मोठ्या माणसाचा शब्द म्हणून. पाना माझ्या हातात होता. मे महिन्यापासून मी हेच घोकतोय. तुम्ही आणि मी किती दिवस वाटून घ्यायचं हे? आईला साप चावला. एवढंच मी लोकांना सांगतो, तुम्हीही तेवढंच सांगा.

आता कामाचं. तुम्ही धाडलेला शाफ्ट कालपासून किरकिर करायला लागलाय. मी खाली शिरून बघितलं. नवे क्रॉस घातलेत आणि त्यांत ग्रीस भरलेलंच नाही. कोरडे ठणठणीत. पंचवीस वर्षं वर्कशॉपात तुम्ही हेच करत होता काय? आमचा सांगोल्याचा मिस्त्रीही एवढं विसरला नसता. मी भरू शकतो, पण भरणार नाही. ज्याचं काम त्यानं पुरं करावं. ग्रीसचा डबा येताना घेऊन या, इथला तुम्हाला पसंत पडायचा नाही.

पहिल्या एस.टी.नं निघा. मी दूध घालून सडकेवर गाडी घेऊन थांबतो. मागं रिकामे कॅन असतात, तिथं जागा होणार नाही. तुम्ही पुढं बसायचं. मुक्तानं सीट पुसायला घेतली होती, मी नको म्हणालो.

लोभ मागायचा नसतो आप्पा, तो घरातच आहे. वाट बघतो.

— बाळासो