खाट फिरवायची राहिली

२६ सप्टेंबर, लुब्लिन

पोहोचले एकदाची. जमेकाहून निघताना माझ्या भावानं, डेंटननं, बजावलं होतं की पोलंडात माणसं हसत नाहीत. पण वसतिगृहाच्या कार्यालयातल्या बाईंनी माझे गारठलेले हात पाहिले आणि आधी चहा पाजला, कागद मग मागितले. वर्षभर इथल्या विद्यापीठात शिकायचं आणि मग घरी परत. खोली माझी एकटीची. शेजारच्या खोलीतली हान्या मदतीला आली आणि आम्ही सगळं सामान हलवलं. खाट खिडकीखाली, टेबल दारामागे, त्यावर आईनं शिवलेला हिरवा कपडा. घरी आईची खोली अशीच आहे, अगदी तशीच. फोनवर दाखवली तर आई खो खो हसली. कार्टे, माझी खोलीच उचलून नेलीस की गं, आता मी झोपू कुठं, म्हणाली.

१८ ऑक्टोबर

तास बरे चाललेत. वर्गात मी एकटीच काळी. बसमध्ये एका आजीनं न विचारता माझ्या वेण्या चाचपल्या आणि खूष होऊन मला सफरचंद दिलं. रविवारी हान्याला नारळाच्या दुधातला राजमा-भात खाऊ घातला. मिरचीनं नाक गळेपर्यंत रडली, तरी तीनदा वाढून घेतलं. आई रोज फोन करते. जेवलीस का, यापलीकडे तिला विषय नाही. नाताळला मी येणार असं ती गावभर सांगत सुटलीये. मीच तसं कबूल केलंय.

२ डिसेंबर

आई गेली. काल अंगणात कपडे वाळत घालताना खाली बसली, ती बसलीच. डेंटन सांगत होता आणि मी त्याला म्हणत होते की फोन तिच्याकडे दे. माझा राहण्याचा परवाना अजून हातात आलेला नाही. देश सोडला तर परत आत घेणार नाहीत. वर्ष वाया घालवू नकोस, आईला ते चाललं नसतं, असं डेंटन म्हणतो. खरंच आहे ते. तरी मी त्याला नाही नाही ते बोलले.

१० डिसेंबर

आज घरी आईची नववी रात्र, तिला निरोप द्यायची. गाव लोटेल. रम, तळलेले मासे, डॉमिनोच्या सोंगट्यांची खडखड, पहाटेपर्यंत गाणी. मग आईची खाट फिरवतील आणि गादी बाहेर काढतील, म्हणजे तिला स्वतःची खोली ओळखू येणार नाही आणि ती आपल्या वाटेला लागेल. डेंटननं मुद्दाम फोन केला. तुझीही खाट फिरव, म्हणाला, तू तिचीच खोली मांडून बसलीयेस. फिरवली, असं मी सांगितलं. फिरवली नाही. सगळ्यांनीच हाकललं तर तिनं जायचं कुठं?

१२ डिसेंबर

इथं दुपारी साडेतीनलाच अंधारून येतं. तासावरून आले तर गादी भिंतीच्या बाजूला दबलेली होती. खोलीत बे रमचा वास होता. डोकं दुखलं की आई कपाळाला चोळते त्या अर्काचा. मी तिच्या शेजारी आडवी झाले. ती गेल्यापासून पहिल्यांदा झोप लागली. भीती नाही वाटली. सुख वाटलं.

१४ डिसेंबर

हान्यानं विचारलं, तुझ्याकडे कोण राहायला आलंय. भिंतीपलीकडून बाईचा आवाज येतो म्हणे, रागावल्यासारखा. आई आलीये, मी म्हटलं.

१५ डिसेंबर

आज माझ्याशी बोलली. तू कोण गं, म्हणाली. ऊठ इथून. ही माझ्या केडीनची जागा आहे, पोर नाताळला यायचीये.

आई, मीच केडीन, म्हटलं. ओळखलं नाही. गार हातानं ढकललं मला — माझ्या आईनं.

१७ डिसेंबर

जमिनीवर झोपते. दंडावर तिच्या बोटांचे वळ. माझ्या काळ्या कातडीवरही हान्याला दिसले. आई वाट बघते. दार वाजलं की आनंदानं उठून बसते, आणि आत येते ती मी — तिचा तो पडलेला चेहरा बघवत नाही.

१८ डिसेंबर

डेंटनला खरं सांगितलं. तो रडला. आत्ताच्या आत्ता खाट फिरव, म्हणाला. आणि मग बाहेरून हाक आली तर ओ देऊ नकोस, केडी. ओ दिलीस की घेऊन जाईल ती तुला.

१९ डिसेंबर

हान्यानं आणि मी — फिरवली. गादी जिन्याखाली टाकली. वास गेला. आता ही खोली कुणाचीच नाही.

मला न ओळखताच गेली — परक्या मुलीनं घराबाहेर काढलं असंच वाटलं असेल तिला —

२० डिसेंबर

चार वाजलेत. बर्फ. खाली अंगणात कुणीतरी —

पुटूस. पुटूस म्हणतेय. लहानपणी मला असं फक्त आई म्हणायची.

हान्या दाराला पाठ लावून उभी आहे. जाऊ नको म्हणते. नाही जात मी. खिडकीतूनच —

वर बघतेय. माझ्याकडेच. हसली. आई, ओळखलंस तू —

एकदाच. मग तिनं खुशाल जावं, मी काही —

ओ, आई, ही काय मी —