दारोदार भरलेले रांजण

२८ जाने. १९७३, रवि.
विहिरीत गाळच उरलाय. गावाचं पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकेल का, ते बघायला मामलेदार कचेरीतून माणूस येणार. नाही टिकणार म्हणाला तर टँकर मिळेल. वाटलं, घरमालकीण काकू खूश होतील. कसलं काय! त्यांचं तोंड एवढंसं झालं. त्यांच्या नामदेवसाठी पुणतांब्याची मुलगी सांगून आलीय, मंगळवारी पाहुणे घर बघायला येणार. म्हणाल्या, "टँकरच्या गावात पोरगी कोन देतंय, बाई?"

३० जाने., मंगळ.
पहाटेपासून गावच्या सगळ्या बायका ओढ्यातल्या झऱ्यावर. एका घरचे पाहुणे ते साऱ्या गावाचे, हा इथला रिवाज. दुपारपर्यंत दारोदार रांजण काठोकाठ. पाहुणे खूश. आणि कचेरीतला माणूस नेमका आजच टपकला! रांजणात डोकावत हिंडला, विहिरीकडे फिरकलाही नाही. मग पाणी पुरेल का ते मला विचारलं, शिकलेली म्हणून. पाहुणे ओट्यावरच होते. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "दिसतंय तेच."
त्याने 'पुरेसे' लिहिलं. काय करून बसले मी!

७ फेब्रु.
झराही आटला. शाळेत माझ्या वर्गातल्या सखूला भोवळ आली, घरात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. टँकरचा अर्ज लिहिला. मी बाहेरची, सही गावकऱ्याची हवी. सरपंच म्हणाले, आधी हळद लागू द्या. काकूंचंही तेच. इतकी चिडले की जेवले नाही. पण लग्न मोडलं तर... नामदेव तिशीला आलाय, हेही खरंच.

१८ फेब्रु., रवि.
पुणतांब्याला लग्न लागलं. गोदावरीच्या डोहात अजून पाणी आहे. आमच्या बायका आधी डोहावर, मग मांडवात! हसू आलं, मग रडूच.

२० फेब्रु.
आता सरपंच म्हणतात, थोडं थांबा. त्यांच्या पुतण्याला बघायला पाहुणे यायचेत.
नवी सून मंजुळा विहिरीवर गेली, रिकामी घागर घेऊन परतली. तडक माझ्याकडे आली. "बाई, माहेरी आबा म्हनले हुते, दारोदार रांजण भरल्यात. ते पानी कुठं गेलं?"
सगळं सांगितलं. अर्जही वाचून दाखवला. तिने अर्ज माझ्या हातून घेतला. मग म्हणाली, "ह्याच्यावर माझा अंगठा चालंल का? आता मी बी गावचीच हाय न्हवं?"
मागे वळून बघते तर दारात काकू. सगळं ऐकलं असणार. तशाच आत गेल्या.
अंगठ्याची शाई शाळेत आहे. उद्या आणते. मंजुळेला काकू अंगठा उठवू देतील की नाही, कोण जाणे.