अर्ध्या गोळीवर

२ जून, सोमवार
आजपासून गोळी बंद. औषधाच्या दुकानापुढून सरळ चालत आले, आत वळले नाही. आजारी पडलं की औषध, बरं झालं की बंद, यात कळायला अवघड काय आहे? मी नऊ वर्षं बरी आहे. निवृत्तीनंतरचं ते वर्ष, अंथरुणातून उठायचं नाही, वेणी घालायची नाही, कुसुमने भरवलेला भात गालात धरून बसायचं, ते केव्हाच संपलं. मग मनाला टेकू देणारी गोळी रोज सकाळी कशाला गिळायची? कुसुमला सांगितलेलं नाही. धाकटी बहीण, त्यात घाबरट. उगाच नवस बोलत बसेल.

५ जून, गुरुवार
काही झालं नाही. उगाच घाबरवून ठेवतात. बँक, वीजबिल, गॅस, सगळं सकाळीच उरकलं. थोडी मळमळ आहे. कालचा बिसीबेळे भात जड झाला असावा.

७ जून, शनिवार
डोक्यात झटके. नजर डावीकडून उजवीकडे नेली की कपाळामागे कडकन काहीतरी तुटतं आणि लगेच जुळतं. दुखत नाही. टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये नवी मुलगी चालू लाइनीवर प्लग खुपसायची तेव्हा हेडफोनमध्ये असाच कडाका यायचा. मग मी सुपरवायझर या नात्याने तिला उभी करून झापत असे. आता झापू कुणाला?
बाजारात वांगी निवडताना पुन्हा आला. वांगीवाली म्हणाली, "कूतकोळ्ळि अम्मा, बसा जरा." बसले नाही. घरी मात्र भिंतीला हात लावत आले.

१० जून, मंगळवार
दर मंगळवारी दुपारी कुसुमच्या (यापुढे नुसतं कु. लिहिते) देवरनाम, म्हणजे कानडी भजनं, म्हणणाऱ्या बायका आमच्या ओसरीवर जमतात. एक पेटी, चार टाळ. इतकी वर्षं जमताहेत, माझी कधी तक्रार नव्हती. आज पेटीचा पहिला सूर लागला तो थेट माझ्या दाढांत शिरला. टाळ सुरू झाले तेव्हा राहवलं नाही. बाहेर जाऊन म्हटलं, "साकु! पुरे! तुम्हाला आपापली घरं नाहीत का?"
पेटीवाली पद्मम्मा म्हणाली, "अय्यो, अक्कांना बरं नाहीसं दिसतंय."
मागून एक कुजबुजली, "आमची सासूपण शेवटी शेवटी अशीच झाली होती."
त्यांच्यासाठी केलेली कोसंबरी, डाळीची कोशिंबीर, तशीच राहिली. कु. ने ती गायीला घातली.

११ जून, बुधवार
कु. ने सकाळीच गाठलं. "अक्का, तुझ्या गोळ्या कुठं आहेत?"
"बंद केल्या."
"डॉक्टरांनी सांगितलं?"
"मी सांगितलं."
ती पाटावर बसलीच. "मला वाटलं तुझ्या डोक्यात गाठबीठ झाली. चामुंडीदेवीला साडी बोलून बसले मी! आणि तू सुम्ने, उगीचच, आपली आपण..."
तिला हसू येत होतं की रडू, ते कळेना. मला मात्र रडू आलं. दूध उतू गेलं म्हणून. दूध उतू गेलं म्हणून मी रडले, हे इथे लिहून ठेवते, पुन्हा वाचून लाज वाटावी म्हणून.

१३ जून, शुक्रवार
डॉक्टरीणबाईंकडे. माझ्या हाताखालच्या शेवटच्या मुलींहूनही लहान दिसतात. सगळं ऐकून म्हणाल्या, "याला आजार परतला असं म्हणणार नाही मी. शरीराला इतक्या वर्षांची सवय, आणि तुम्ही धावत्या बसमधून उडी मारलीत. का?"
"उतरायचं होतं."
"स्टॉपवर उतरतात, अम्मा."
पुन्हा पूर्ण गोळी सुरू करायची. महिन्याभराने थोडी कमी. मग थांबायचं, बघायचं. मग आणखी थोडी. "निधानवागि," हळूहळू, हा शब्द त्यांनी इतक्या वेळा म्हटला की माझा पारा चढला. किती दिवस लागतील विचारलं. "वर्ष. जास्तही लागेल."
वर्ष! मी अख्खी एक्स्चेंज एका रविवारात नव्या बोर्डावर हलवलेली आहे.
येताना रिक्षात कु. गुणगुणत होती. मी गोळी घेणार म्हणून तिला आनंद. तो मला आवडला नाही.

१६ जून, सोमवार
झटके गेले. मळमळ गेली. याचा राग येतो. न जाते तर निदान म्हणता आलं असतं की कारण दुसरंच आहे.

१८ जुलै, शुक्रवार
पहिली कपात. पाऊण गोळी. ही कापता येते असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे, कशाने ते सांगितलं नाही. आईच्या अडकित्त्याने कापायला गेले, भुगा झाला. ब्लेडने दुसरी कापली तर एक तुकडा उडून कपाटाखाली. कु. चं मांजर हुंगायला धावलं. त्याला हाकलून गुडघ्यांवर शोधत बसले. शिकलेल्या बाईची ही कवायत.

२९ जुलै, मंगळवार
झटके पुन्हा आहेत, पण लांबून बोलल्यासारखे. स्वप्नं मात्र फार. रोज कुणीतरी कॉल जोडून मागतं आणि मला बोर्डावरची भोकं सापडत नाहीत. सकाळी उठते ती दमलेलीच.
बायका आता पद्मम्माकडे जमतात. कु. तिकडे जाते. घरात अगदी शांत होतं आज. हवं होतं ना? दुपारभर घड्याळ ऐकत बसले.

१२ ऑगस्ट, मंगळवार
आज दुधवाला, गॅसवाला आणि पेन्शनच्या खिडकीवरचा माणूस, तिघांवर ओरडले. त्यांपैकी एकाचीच चूक होती. कु. म्हणाली, "अक्का, हे गोळीमुळे ना?" मी हो म्हटलं. हे उत्तर सोयीचं आहे, म्हणूनच खुपतं. खरं काय ते मलाही माहीत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार
अर्धी. ही नीट कापली जाते, मध्ये रेघ आहे. तेवढाच उपकार.

१४ सप्टेंबर, रविवार
दादाचा, आमच्या थोरल्या भावाचा, फोटो पुसत होते. दादा जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हा टी. नरसीपूरच्या संगमावर अस्थी नेण्यापासून जेवणावळीपर्यंत सगळं मीच केलं. लोक म्हणाले, अक्का म्हणजे दगड. मीही तेच समजले. मोठी झाले, शिकले, नोकरी केली, आता मरणही पचतं. आज फोटोची काच पुसता पुसता त्याचं ते सायकलवर पुढच्या दांडीवर मला बसवून कॉलेजात सोडणं... आणि मग बसलेच खाली. दूध उतू गेल्यासारखं रडू नव्हे हे. हे दादासाठी होतं. तीन वर्षं कुठे होतं?
म्हणजे पचलेलं नव्हतं. माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं.
गोळी उतरवणं थांबवणार नाही आता. खाली काय काय आहे ते बघायचं आहे मला.

१६ सप्टेंबर, मंगळवार
घडलं ते जसंच्या तसं लिहिते.
कु. पद्मम्माकडे निघण्याआधी घरात गात होती. मला पहिल्यांदा ऐकू आलं की ती बेसूर गाते. थोडी नाही, चांगलीच. नऊ वर्षं कानावर पडतंय आणि मला कळलं नाही. ज्या कानांनी आयुष्यभर खरखरीतून माणसांचे आवाज वेचले, त्या कानांना!
मी म्हटलं, "कुसुम, तुझा सूर खाली लागतो. सगळीकडे. पद्मम्मा सांगत नाही, कारण चिक्की तू नेतेस."
तिने पिशवी खाली ठेवली. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, "अक्का, पूर्ण गोळी खा."
"काय?"
"माझ्यासाठी खा. या नऊ वर्षांत मी या घरात पहिल्यांदा मोठ्याने गायले. तुला न विचारता मांजर आणलं. माझ्या मनाची भाजी केली. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी रोज रडले. पण गोळी लागू पडली ना, तेव्हा, देव मला क्षमा करो, मला फार बरं वाटलं. नुसतं तू बरी झालीस म्हणून नाही."
"म्हणजे मी झोपलेली बरी."
"झोपलेली कुठं होतीस? गोड होतीस."
गोड. मला आयुष्यात कुणी गोड म्हटलेलं नाही. नेमका तेव्हाच डोक्यात कडाका आला आणि ती पिशवी उचलून निघाली. उत्तर आता सुचतंय, पण ती घरात नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार
सकाळच्या बसने कु. टी. नरसीपूरला गेली. दादाच्या मुलाकडे, सुरेशकडे. किती दिवस, विचारलं. "नोडोणा," म्हणाली. बघू. मांजराला दूध घालायचं कसं ते तीनदा सांगितलं. माझ्याबद्दल काही नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, हा संताप औषध उतरण्याचा की माझा?
"आज सांगता येणार नाही. आधी कशा होता?"
"शिस्तीच्या."
हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या की अर्धीवर कायमचे थांबणारेही असतात, त्यात हार नाही. महिनाअखेरीपर्यंत झटके नसतील तर पुढची कपात करता येईल, नाही केली तरी चालेल. "तुम्ही ठरवा. पण फोन करून सांगा, परस्पर नको." मी मुकाट्याने हो म्हटलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार
सुरेशकडे फोन केला. त्याची बायको म्हणाली, कुसुमआत्या मजेत आहेत, मुलींना गाणं शिकवताहेत. (बिचाऱ्या मुली.) मग कु. आली. "चेन्नागिद्दीनि," बरी आहे म्हणे. रागावली की ही माझ्याशी कन्नडातच बोलते, लहानपणापासून. मांजराची चौकशी केली. मी म्हटलं, बरं आहे. मी बरी आहे का, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.
ओसरी झाडली. कुणी बसलेलं नसताना केवढी धूळ होते.

२८ सप्टेंबर, रविवार
कु. आली. न कळवता. हातात केळ्यांचा घड. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "ऐकून घे. अर्धीवर राहा. पूर्ण खा असं मी म्हणणार नाही आता. तू ओरडलीस तर मीही ओरडेन. पण त्याखाली गेलीस तर मी परत नरसीपूरला, आणि मग येणार नाही."
हिने जन्मात कधी अट घातली नव्हती. कुणी शिकवलं? मीच. नऊ वर्षं गोळीवर गोड राहून.
मी तिला दादाच्या फोटोचं सांगितलं. कशी रडले ते. ऐकता ऐकता ती चपलांसकट पायरीवर बसली.
"अर्धीवर एवढं परत आलं, कुसुम. त्याखाली काय आहे ते मला माहीत नाही."
"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्याखाली तू आहेस. मी राहिलेय तिच्याबरोबर."
मग भांडलो. चांगलं तासभर. मी तिचं गाणं काढलं, तिने माझी एक्स्चेंज काढली, "मी काय तुझी ऑपरेटर आहे?" असं इतक्या मोठ्याने म्हणाली की समोरची खिडकी उघडली. समोरच्यांकडे बघून दोघी एकदमच म्हणालो, "काय हवंय?" खिडकी लागली. भांडण मात्र मिटलं नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार
आठवडाभर झटका नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, कमी केलीत तर अर्धी आणि पावच्या मध्ये, त्याहून खाली आत्ता नको.
तशी कापली. बशीत दोन तुकडे आहेत, एक अर्धा, एक त्याहून लहान. कु. ने कॉफी आणली आणि शेजारी उभी राहिली.
"लिहीत काय बसलीस? उचल की."
"कुठला?"
"ते मी कशाला सांगू?"
"काल तर सांगत होतीस."
"काल सांगितलं ना. आज बघतेय."
"बघ."
तिला जाऊ द्यायचं नाही मला. आणि ते खालचं सगळं तसंच मिटवून, गोड होऊन मरायचंही नाही. दोन्ही खरं आहे आणि बशीतून एकच उचलता येतो. चीड येते. हा गोळीचा चिडचिडेपणा नव्हे, एवढं नक्की सांगू शकते.
कॉफी निवली. मी काही उचलत नाही असं बघून तिने पेला उचलला, पुन्हा तापवायला आत नेला. बशी तिथेच ठेवून गेली.