मिठाचा धडा

हातोद, ३ ऑगस्ट २०२५

चि. ऋजुतास आजीचे पुष्कळ आशीर्वाद.

डॉक्टर व्हायला निघालीस आणि महिन्याभरात आजीलाच विसरलीस. पुढे पेशंटांचं काय होईल, देव जाणे. होस्टेलवाले फोन जमा करून घेतात हे कळलं. हात तर तुझ्याकडेच ठेवलेत ना? मला अक्षर येत नाही, म्हणून तुझ्या मंगलाकाकूला धरून बसवलंय. ती मधेच हसते, तेव्हा ओळ वाकडी गेली तर दोष तिचा.

संध्याकाळी माझे पाय सुजतात. डॉक्टर म्हणाले, बी.पी. वाढलंय, मीठ कमी करा. का, ते सांगितलं नाही, मग मी कशाला ऐकू? विक्रमकाका शनिवारी तिकडे येतोय. त्याच्याबरोबर लौंगवाली शेव पाठव.

लोभ आहे तसा ठेव, त्यालाही विसरू नकोस.

तुझी आजी

इंदूर, ९ ऑगस्ट

ती. आजीस ऋजुताचा शि. सा. न. वि. वि.

शेव मिळणार नाही. मीठ का नको, ते पुस्तकातून उतरवून सोबत जोडलंय.

आजी, इथे दिमाग का दही झालंय. बारावी आणि नीट, दोन्हीचा रात्रंदिवस रट्टा मारते आणि टेस्टला बसले की सगळं साफ. बॅचमध्ये खालून मोजलं तर मी लवकर सापडते. मला मेडिकल नको. घरी येते, पुढे बी.एस्सी. करीन. बाबांना सांगायची हिंमत नाही. तुझं ते ऐकतात. तू बोलशील? काकू, तू मात्र आधीच सांगू नकोस हं.

तुझी ऋजुता

हातोद, १२ ऑगस्ट

चि. ऋजुतास आशीर्वाद.

तुझा कागद मंगलानं वाचला. ती दोनदा अडखळली, मी एकदा झोपले. पुस्तकातलं वहीत आलं, वहीतलं माझ्याकडे आलं. मधे तू कुठेच भेटली नाहीस.

सुधाकरशी बोलेन. मुलगा माझा आहे, ऐकेल. पण आधी मीठ का नको ते मला समजेल असं सांग. तोवर मी शेव खाणार. विक्रमनं आणून दिली आहे.

आजी

इंदूर, २३ ऑगस्ट

ती. आजीस शि. सा. न.

कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना? मीठ पाण्याला ओढतं. मेसवाल्या भियांकडून काकडी आणून मी स्वतः बघितलं. तुझ्या रक्तात मीठ वाढलं की ते पाण्याला धरून ठेवतं. नळी तेवढीच, पाणी जास्त, म्हणून जोर वाढतो, तेच बी.पी. जास्तीचं पाणी झिरपून पायात उतरतं. किडनी बिचारी उपसते, पण तू वरून शेव टाकतेस.

माझी रूममेट पलक काकडी बघून म्हणाली, आता मला हार्ट समजाव. रात्री जेवणानंतर चौघी जमतात. परवाच्या टेस्टमध्ये किडनीचे सगळे प्रश्न बरोबर आले. बाकी उजेड अजून बेताचाच. उद्या डोळा समजवायचाय, त्यासाठी काय आणू ते शोधतेय.

तुझी ऋजुता

हातोद, ३१ ऑगस्ट

चि. ऋजुतास आशीर्वाद.

समजलं. शेजारच्या प्रतापरावांनाही मी समजावलं, त्यांनी हातातला पापड खाली ठेवला. आठवडाभर आळणी जेवते आहे. पायात जोडवी पुन्हा फिरायला लागली.

सुधाकरशी बोलायला मी कंबर कसून बसले होते. पण तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं, त्यात घरी यायचं कुठेच नाही. विसरलीस वाटतं. तुझी ती सवय पहिल्यांदाच कामाला आली, मी काही आठवण करून देणार नाही.

माया आहेच, अभ्यासातून उरेल तेवढी तूही कर.

तुझी आजी

ता. क. शेव नको, तो धडा झाला. विक्रमबरोबर अर्धा किलो जिलेबी पाठव. साखरेपर्यंत तू अजून पोचलेली नाहीस.