पळता न येणारा प्राणी

विद्यानगर, हैदराबाद

प्रिय अक्कास त्रिवेणीचा नमस्कार,

गुडघ्याला तेल लावतेस ना? मी बरी आहे, वेळेवर जेवते.

परवा अफझलगंजच्या लायब्ररीत वाचलं आणि सुन्नच झाले. समुद्रातला स्पंज चक्क प्राणी आहे! मी त्याला शेवाळ समजत होते. जन्मभर एका जागी चिकटलेला, ना पळता येतं, ना दात, ना नखं. म्हणून तो अंगातच विषारी रसायनं तयार करतो. मासा एक लचका तोडतो आणि थुंकून टाकतो.

काल धाकटे भावजी पुन्हा आले. "वहिनी, दादा गेला. आता एकटीला एवढं घर कशाला? विकून टाकू."

दर वेळी मी मान खाली घालून चहा ठेवते. काल चहा विचारलासुद्धा नाही. म्हटलं, "भावजी, नक्को. हे ह्यांचं घर आहे. मी इथंच राहणार."

ते पाणीही न पिता उठले.

अक्का, इतका कडूपणा माझ्यात कुठं होता गं? ह्यांनी ऐकलं असतं तर त्यांनाही खरं वाटलं नसतं.

तू काळजी करू नकोस. दाराला आतून कडी घातली आहे.

तुझी धाकटी,
त्रिवेणी